खंडित हत्याराची पूजा

नांदेडला होतो तोवर ह्यांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असायचं. त्याची मला भीती नव्हती असं नाही, पण ते हत्यार सरळ होतं. कडेला उघडलं की भोकं समोर. भोकातून उजेड दिसला तर रिकामं, नाही दिसला तर भरलेलं. आंधळ्यानंसुद्धा बोट घालून सांगावं. मग लातूर वेगळा जिल्हा झाला, ह्यांची तिकडं बदली झाली आणि तिथं ह्यांना पिस्तूल मिळालं. चपटं, काळं, हातात घेतलं की मनगट वाकवणारं. नवा जिल्हा, नवं हत्यार, हे एकदम खुशीत. मी ते उलटंपालटं बघितलं आणि म्हणलं, "आत काय हाय ते बाहेरून दिसतच न्हाई की हो ह्याच्यात."

"तेच तर शिकायचं असतं," हे म्हणले.

माझं माहेर कंधारचं. आमच्या घरात विळ्याहून मोठं हत्यार कधी आलेलं नव्हतं. लग्न फौजदाराशी झालं तेव्हा सगळ्यांना ह्यांची टोपी दिसली, कमरेचं कुणाला दिसलं नाही. मला दिसलं, आणि तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला तो लागलाच.

जिल्हा कागदावर झाला होता, गावात अजून व्हायचा होता. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत, पोलिसांची घरं बांधून झालेली नाहीत, शस्त्रागार म्हणजे अशाच एका इमारतीतली कुलूपबंद खोली. त्यात पावसानं दगा दिलेला. विहिरींनी तळ गाठलेला, गावोगाव टँकर, आणि टँकर आला की भांडणं. ह्यांची ड्यूटी आज रेणापूरकडं तर उद्या देवणीकडं, जायची वेळ ठरलेली नाही, यायची तर त्याहून नाही. सबब पिस्तूल जमा करायला जायलाच व्हायचं नाही. ते ह्यांच्याबरोबर घरी यायचं, आमच्या दोन खोल्यांत, जिथं चार वर्षांची पोर दिवसभर ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उंदरासारखी पळायची.

मी सरळ सांगून टाकलं. "हे घरात राहणार असेल तर मला शिकवा. न्हाईतर मी पोरीला घेऊन कंधारला चालले, तुम्ही अन् तुमचं पिस्तूल सुखानं नांदा."

हे हसले, पण शिकवलं. एका दुपारी पोरगी झोपल्यावर चटईवर बसून, रिकामं करून, एकेक भाग दाखवला. हा बाजूचा खटका वर असला की चाप दाबला तरी गोळी सुटत नाही. हा मागचा घोडा ओढताना अंगठ्याखालून निसटला तर मधल्या खाचेत अडकतो, पार पुढं जाऊन आदळत नाही. आणि मुठीतलं हे मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची डबी, बाहेर काढली की चाप कामच करत नाही. "दाबून बघ," म्हणले. मी दाबला. मेल्यासारखा ढिला. "बनवणाऱ्यानं तीन तीन कुलपं लावलीत. आता तरी फिकीर सोड."

"आणि डबी काढली, पण आत नळीत एखादी गोळी राहून गेली असली तर?"

ह्यांनी माझ्याकडं जरा वेगळ्याच नजरेनं बघितलं. "तीच तर खरी मेख आहे. हे बघ, मॅगझीन म्हणजे कणगी समज. नळीत गेलेली गोळी म्हणजे जात्यात पडलेला दाणा. कणगी उचलून नेली तरी जात्यातला दाणा जात्यातच राहतो. डबी काढली म्हणून पिस्तूल रिकामं झालं असं कधी समजायचं नाही. रिव्हॉल्व्हरवरून आलेले इथंच फसतात. कुलपं कितीबी असू देत, हत्यार भरलेलंच आहे असं धरून चालायचं. तोंड माणसाकडं करायचं नाही. बोट चापावर ठेवायचं नाही. आणि आत डोळ्यानं बघितल्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही, माझंबी नाही."

त्या दिवसापासून ह्यांचा घरी आल्यावरचा एक रिवाजच ठरला. आधी मॅगझीन काढायचं. मग वरचा सरकता भाग मागं ओढून आत बघायचं, करंगळी घालून चाचपायचं. मग रिकामं मॅगझीन परत घालून, वाळू भरलेल्या तेलाच्या डब्याकडं तोंड करून चाप दाबायचा. टक. घोडा पुढं पडला की काम झालं. मग ट्रंक, ट्रंकेला कुलूप, आणि चावी माझ्या कमरेला. मी चुलीपुढं असले तरी कान तिकडंच असायचा. ती टक ऐकल्याशिवाय मी भाकरी तव्यावर टाकत नव्हते. शेजारणी म्हणायच्या, फौजदारबाई लई घाबरट. म्हणू देत. त्यांच्या घरात काय होतं? मीठ-मिरची.

घर मिळायला आम्ही आधी बेजार झालो होतो. नव्या जिल्ह्याला नोकरदारांची झुंबड, आणि त्यात आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी दीक्षा घेतलेली. खोली रिकामी असायची, आणि आडनाव सांगितलं की कालच कुणाला तरी दिलेली निघायची. शेवटी मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, एका भुसार व्यापाऱ्यानं दोन खोल्या दिल्या. कपाळावर विभूती, बोलणं गोड. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला अव्वा. अप्पांना सगळं ठाऊक होतं. पण घरात माल, पैसा. पोलीस भाडेकरू असला तर चोर फिरकत नाही, हा हिशेब. भिंतीवर बुद्धाची तसबीर लावताना मी चाचरत त्यांच्याकडं बघितलं, तर म्हणले, "फौजदाराला कुठं जात असती व्हय?"

अव्वाही मायेची. नवी डाळ भरडली की वाटी आलीच. त्यांची नात आणि आमची पोर एका वयाच्या, एका ताटात जेवायच्या. फक्त त्यांच्या देवघराचा उंबरा होता. तो ओलांडू नका असं कुणी कधी म्हणलं नाही. म्हणावं लागलं नाही. आम्हाला ते न सांगता समजतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अप्पा आमच्या दारात आले. "फौजदार साहेब, आमच्यात उद्या तराजू, मापं, दाभण, सगळ्याची पूजा व्हती. घरात असं अस्सल हत्यार असताना ते उपाशी ठेवायचं का? द्या पूजेला."

हे हो म्हणून बसले.

अप्पा गेल्यावर मी भांडले. सरकारी हत्यार, दुसऱ्याच्या घरात, आणि पूजा तरी आपली का? दसऱ्याला आपण पांढरे कपडे घालून वंदनेला जाणार, आणि आदल्या दिवशी पिस्तुलाला हळद लावायची?

"मला कळत नाही का? पण नाही कसं म्हणू?" हे म्हणले. "हा माणूस पहिल्यांदा आपल्याकडं काही मागायला आला. नाही म्हणलं तर म्हणतील, बघा, ह्यांना आमचा देव चालत नाही. परत घर शोधत फिरायचं का?"

मी ट्रंकेचं कुलूप दोनदा ओढून बघितलं.

दुसऱ्या दिवशी तोंडही धुतलं नव्हतं तर ह्यांना बोलावणं आलं. रेणापूरकडच्या एका गावात टँकरवरून जुंपली होती. परत आले तेव्हा ऊन डोक्यावर चढलेलं, अंगभर धूळ, ओठ फाटलेले. तांब्याभर पाणी उभ्यानंच प्याले.

"काय झालं?"

"दगड आले. ड्रायव्हरला खाली ओढत होते. मग पांगले."

"पिस्तूल काढलं होतं?"

"काढलं होतं. वापरावं लागलं नाही."

एवढ्यात अप्पा ताम्हण घेऊन दारात. ताम्हणात लाल कापड अंथरलेलं. "मुहूर्त टळून राहिला साहेब, सगळे खोळंबलेत." ह्यांनी घाईघाईनं मॅगझीन काढलं, त्यातले राउंड, म्हणजे गोळ्या, पटापट अंगठ्यानं ढकलून ट्रंकेत टाकले, मोजलेसुद्धा नाहीत. पिस्तूल आणि रिकामं मॅगझीन शेजारी शेजारी ताम्हणात ठेवलं. स्वतः नेऊन ठेवायची सोय नव्हतीच. देवघरात आम्ही जाणार कसे? फौजदार असला म्हणून काय झालं, हत्यार उंबऱ्याच्या अलीकडं द्यायचं आणि उंबऱ्याच्या अलीकडंच घ्यायचं. अप्पा ताम्हण दोन्ही हातांवर घेऊन गेले.

मी म्हणलं, "अहो, टक झालं न्हाई."

"काय?"

"आत बघितलं न्हाई तुम्ही. टक झालं न्हाई."

"मॅगझीन वेगळं दिलंय ना? चाप मेलेला असतो तेव्हा. आणि खटका वर आहे. पूजेत त्याला कोण दाबत बसतंय?" एवढं बोलून हे मागल्या अंगाला तोंडाला साबण लावायला गेले. थकलेल्या माणसाला अजून किती छळायचं? कणगी उचलली. जात्यात काय होतं?

पोरीचा हात धरून मी अप्पांच्या ओसरीवर गेले. आम्हाला दर्शनाला बोलावलंच होतं. उंबऱ्याबाहेर चटई टाकलेली, पोर माझ्या पुढ्यात बसली. आत पाटावर तराजू, शेर, पोती शिवायची दाभणं, ओळीनं मांडलेलं. सगळ्यांच्या मधोमध पिस्तूल. अव्वानं त्यावर तेलाचा बोळा फिरवलेला, ते चकाकत होतं. आणि त्याचं तोंड दाराकडं होतं. दाराकडं म्हणजे आमच्याकडं. माझ्या पोरीच्या छातीकडं.

माझं मॅगझीनकडं लक्ष गेलं. ते शेजारी नव्हतं. मुठीत होतं. पार आत, बसवलेलं. घोडा मागं ओढलेला, रेणापूरहून आला तसाच.

"अप्पा," मी म्हणलं, "ती डबी आत कुणी घातली?"

अप्पा कौतुकानं म्हणले, "म्याच. शिपायाचं हत्यार हाय म्हणून काय अवघड हाय व्हय? तुकडे तुकडे ठिवून पूजा करत न्हाईत बाई. खंडित मूर्ती पूजत न्हाईत, तसं हत्यारबी खंडित नगं. कट्ट करून बसलं."

"आणि त्याचं तोंड..."

"देवाकडं तोंड करत न्हाईत," अव्वा म्हणाली. "दाराकडं केलं."

दोघांचंही चुकलेलं काही नव्हतं. त्यांच्या रितीनं सगळं बरोबर होतं. मॅगझीन आत गेलं की मेलेला चाप जिवंत होतो, हे त्यांना कोण सांगणार? मी पोरीला बखोटीला धरून ओढलं आणि भिंतीच्या आड ठेवलं. ती रडायला लागली. मी ह्यांना हाका मारल्या. मागल्या अंगाला तांब्या वाजत होता, ऐकू जाईना.

"अप्पा, थांबवा जरा. हात लावू नका कुणी."

अप्पांनी डोळे मिटून मंत्र सुरू केला होता. त्यांनी हातानंच मला गप्प राहायची खूण केली. नवमीला त्यांच्यात घरातली लहान पोर कुमारिका म्हणून बसवतात आणि तिच्या हातानं हत्यारांना फुलं वाहतात. नात नवं परकर-पोलकं घालून पाटासमोर बसली होती. तराजूला फूल वाहिलं. दाभणाला वाहिलं. मग तिनं लांब देठाचं झेंडूचं फूल उचललं आणि पिस्तुलाकडं बघितलं. फूल वर ठेवलं तर घरंगळायचं. देठ खोचायला जागा एकच होती, चापाभोवतालचं कडं. कोणतंही पोर तिथंच खोचणार. मी असते तर मीही तिथंच खोचलं असतं. तिनं डावा हात मुठीवर ठेवला आणि देठ कड्यात घातला.

मी उंबरा ओलांडला.

काही ठरवलं वगैरे नव्हतं. एका हातानं नातीचं मनगट धरलं आणि दुसरा पंजा पिस्तुलावर पालथा दाबला, पाटाशी. उचललं नाही. उचललं असतं तर त्याचं तोंड कुणाकडं तरी फिरलं असतं. दारासमोर आता कोणी नव्हतं, तेवढं बघितलं होतं. माझं बोट बाजूच्या खटक्याला लागलं. खटका खाली होता. बोळा फिरवताना खाली आला असणार.

"शिव शिव शिव," अव्वा म्हणाली.

अप्पांनी डोळे उघडले. माझ्या तोंडाकडं बघितलं, माझ्या पायांकडं बघितलं. "बाई, तू आत..." एवढंच म्हणले.

नातीच्या किंकाळीनं हे धावत आले होते. गालांवर साबण, सदरा अर्धा ओला. मला आत बघितलं आणि उंबऱ्याशी थबकले. टँकरवर शंभर माणसांत घुसणारा माणूस, त्याचा पाय तिथं अडला. मला त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला तेवढा पुन्हा कधी आला नाही, आणि तेवढी दयाही.

"उंबऱ्याचं काय बघून राहिलात? या आत," मी म्हणलं.

ते आले. माझ्या पंजाखालून पिस्तूल घेतलं, तोंड दाराबाहेर जमिनीकडं धरलं. मॅगझीन काढलं. वरचा भाग मागं ओढला. आतून एक पिवळा राउंड उडाला आणि अक्षतांच्या ताटात पडला. तांदूळ थोडे सांडले. नात त्याच्याकडं हात करून म्हणाली, "सोन्याचं हाय?"

अप्पा पाटाशेजारी खाली बसले. ह्यांनी राउंड उचलला. उचलताना दोनदा सुटला. मग खिशात घातला, आणि आम्ही आमच्या पोरीला घेऊन खोलीत आलो.

हे कॉटवर डोकं धरून बसले. नोकरी गेली असती हे त्यांच्या मनात आलं असेल, पण ते नोकरीचं बोलले नाहीत. म्हणले, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती."

"वेळ बरोबर आली होती," मी म्हणलं. "मी आत गेले म्हणून मागं फिरली."

"तुझंच खरं आहे," हे म्हणले आणि रडले. पोर आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती.

तेवढ्यात पलीकडून पाण्याचा आवाज आला. आमच्या दोन्ही घरांत पाण्याचा आवाज म्हणजे मोठी गोष्ट होती. टँकर किती दिवसांनी यायचा, घागरी मोजून मिळायच्या, भांडी आम्ही राखेनं घासून फडक्यानं पुसायचो. मी दारात जाऊन बघितलं. अव्वा देवघरात होती. एका हातानं नातीला छातीशी गच्च धरलेलं, तिच्या केसांवर तोंड टेकून हमसून हमसून रडत होती, आणि दुसऱ्या हातानं घागरीतून तांब्या भरून भरून फरशीवर ओतत होती. जिथं जिथं माझा पाय पडला होता तिथं. मग उंबऱ्यावर. मग ह्यांचा पाय पडला होता तिथं. माझ्याकडं लक्ष गेलं तशी तिनं नजर खाली केली, पण तांब्या थांबला नाही.

अंगाची आग झाली. वाटलं, जाऊन विचारावं, हात लागला तो तुमच्या नातीच्या मनगटाला, तिला का धुवत नाही? फरशीनं काय केलंय? हे मागून म्हणले, "जाऊ दे." बोलून घर जाणार होतं, आणि बाहेर तसा दुष्काळ.

त्यांच्या देवघरातलं पाणी मोरीच्या पाइपानं मागच्या बोळात पडायचं, आमच्या दाराशेजारीच. मी आमची बादली घेतली आणि त्या पाइपाखाली लावली. हे बघतच राहिले. पाणी येत होतं, आधी बारीक, मग धारेनं. अव्वा ओतत होती तोवर मी तिथं उभी राहिले. बादली काठोकाठ भरली. त्यात मी ह्यांची खाकी वर्दी भिजवली, रेणापूरची धूळ निघाली, मग पोरीचे कपडे धुतले, आणि दुसऱ्या दिवशी घालायची माझी पांढरी साडीही. पाणी लई चांगलं होतं. थोडी हळद आणि चार तांदूळ तेवढे होते, बाकी स्वच्छ.